कपबशीची परीक्षा

हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून मुलेमुली शिकून बाहेर पडतात व नोकरीच्या शोधात पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरी जातात. आईबाप अर्जाचे पैसे भरतात, पाळक प्रार्थना करितो, उपदेशक चांगल्या वर्तनाचा दाखला लिहून देतो, आणि मुलगा इस्त्रीचा सदरा घालून मुलाखतीस जातो. त्यास वाटते की, साहेब लोक प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे नीट दिली म्हणजे झाले. परंतु धनी लोकांत अशी एक रीत पडली आहे की, जो प्रश्न मोठ्याने विचारिला जातो तो खरा प्रश्न नव्हे. खरी परीक्षा दारात, जेवणाच्या मेजावर, किंवा चहाच्या पेल्यापाशी होते, आणि ती चालली आहे हे उमेदवारास ठाऊकही नसते. ही रीत न्यायाची आहे काय, आणि तिने मनुष्याचे अंतःकरण खरोखर कळते काय, ह्याचा विचार करावा असे फार दिवस मनात आहे. विषय परदेशचा वाटेल, परंतु त्यास माझाही हात लागलेला आहे. ते पुढे येईल.

अमेरिकेत चार्ल्स श्वाब नावाची पैशांच्या गुंतवणुकीचा व्यवहार करणारी मोठी कंपनी आहे. तिचे त्या वेळचे मुख्य अधिकारी वॉल्ट बेटिंगर ह्यांनी २०१६ साली न्यूयॉर्क टाइम्स ह्या पत्रास आपली युक्ती उघड सांगितली. कोणास कामावर घ्यावयाचे असले म्हणजे ते त्यास न्याहारीस बोलावीत. स्वतः अगोदर जाऊन खाणावळीच्या लोकांस सांगत की, ह्या मनुष्याने जे मागविले असेल ते मुद्दाम चुकवून आणा, मी बक्षीस चांगले देईन. मग समोरचा मनुष्य संतापतो, खिन्न होतो, की समजून घेतो, हे ते पाहत. ह्याच साहेबांनी आपल्या विद्यार्थिदशेतील एक गोष्टही सांगितली. शेवटच्या परीक्षेत त्यांच्या शिक्षकाने सर्वांस कोरा कागद दिला आणि एकच प्रश्न घातला: ही इमारत जी बाई झाडते तिचे नाव काय? बेटिंगर ह्यांस ते आले नाही. तिचे नाव डॉटी होते. त्या एका परीक्षेत आपण नापास झालो, आणि तीच परीक्षा जन्मभर लक्षात राहिली, असे ते म्हणतात. (आपल्या मिशनच्या मोठ्या दवाखान्यांत व शाळांत हा प्रश्न कमिटीच्या सभासदांस घालून पाहावा असे मला पुष्कळदा वाटले आहे.)

ऑस्ट्रेलियात झिरो नावाची हिशेबाची संगणक-साधने करणारी कंपनी आहे. तिचे तेथील त्या वेळचे प्रमुख ट्रेंट इनेस ह्यांनी २०१९ साली सांगितले की, ते उमेदवारास आरंभी स्वयंपाकघरात नेऊन कॉफी अथवा पाणी घेऊन देतात, आणि मुलाखत संपल्यावर तो रिकामा पेला परत नेऊन ठेवावयास निघतो की नाही हे पाहतात. पेला मेजावरच सोडला, तर मनुष्य त्यांच्या उपयोगाचा नाही. आणखी एक उदाहरण जोड्यांचा व्यापार करणाऱ्या झॅपोस कंपनीचे आहे. तिचे पुढारी टोनी शे, जे २०२० साली वारले, लास वेगास शहरी बाहेरगावच्या उमेदवारांस आणावयास गाडी पाठवीत. आणि दिवस संपल्यावर त्या गाडी हाकणाऱ्यास विचारीत की, हा तुझ्याशी कसा वागला? उत्तर वाईट आले, तर बाकीची मुलाखत कितीही सुंदर झाली असो, ती फुकट जाई.

धनी असे का करितात हे समजण्यास कठीण नाही. जीभ शिकविता येते. मी कष्टाळू आहे, मी सर्वांशी मिळून वागतो, पैशाचा मला लोभ नाही, ही वाक्ये आता पुस्तकांतून पाठ करून मिळतात. म्हणून धनी म्हणतो की, जेथे मनुष्य सावध नसतो तेथे त्यास पाहावे. ह्यात काही खोटे नाही. परूश्याच्या घरी आपला प्रभु जेवावयास बसला असता लोक त्याच्यावर टपून होते, पण तोही त्यांस पाहत होता. आमंत्रित लोक मुख्य आसने कशी निवडून घेतात हे त्याच्या नजरेतून सुटले नाही, आणि त्यावरच त्याने दृष्टांत दिला. मनुष्य कोठे बसतो ह्यावरून तो कसा आहे हे थोडे तरी दिसते, हे प्रभूने मानिले आहे.

परंतु शास्त्रातील परीक्षा आणि ह्या परीक्षा एकच आहेत असे समजून कोणी आपले समाधान करून घेऊ नये. मुलाखतीच्या युक्तीस गिदोनाचे उदाहरण देणारे मी ऐकिले आहेत. हरोदाच्या झऱ्यावर दहा हजार पुरुष पाणी प्यावयास उतरले. त्यांतील तीनशे पाणी हाताने तोंडाशी नेऊन चाटून प्याले, तेवढे निवडले गेले. उपदेशांत आपण सांगतो की, हे तीनशे सावध होते, शत्रूवर नजर ठेवून होते. उपदेशक बंधूंनो, अध्याय पुन्हा काढून वाचा. तसे तेथे लिहिलेले नाही. तेथे दिलेले कारण निराळे आहे: सैन्य फार मोठे होते, आणि आपल्याच हाताने आपला बचाव झाला अशी बढाई इस्राएलाने मारू नये म्हणून ते लहान करावयाचे होते. जे नऊ हजार सातशे परत गेले त्यांवर निष्काळजीपणाचा एक शब्दही ठेविलेला नाही. तो ठपका आपण ठेविला, आणि जी पारख परमेश्वराने केली असे वचन सांगत नाही ती त्याच्या नावावर घातली.

रिबकेची गोष्ट अधिक जवळची आहे. अब्राहामाचा दास विहिरीपाशी उभा राहून मनात म्हणतो की, जी मुलगी मला पाणी देईल व माझ्या उंटांसही पाजीन म्हणेल, तीच ती. उंट दहा होते. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरांच्या आसपास पाणी पिऊ शकतो, हे ध्यानात आणिले म्हणजे त्या मुलीने त्या संध्याकाळी किती घागरी वाहिल्या ह्याची कल्पना आपल्या भगिनींस तरी येईल. ज्यांच्या गावी वैशाखात टँकर येतो त्यांस अधिकच. ही परीक्षा गुप्त होती खरी. पण तीत कोणी खोटे बोलले नाही. तहान खरी होती, उंट खरे होते, विनंती खरी होती. आणि रिबका एक घागर देऊन घरी गेली असती, तर तिचे काहीच गेले नसते. तिने तर काही मागितलेच नव्हते. न्याहारीच्या मेजावरील गोष्ट अशी नाही. तेथे चूक खोटी आहे, वाढप्यास पैसे देऊन खोटे वागावयास लाविले आहे, आणि पोटाच्या आशेने आलेल्या मनुष्याच्या पुढे ते ताट ठेविले आहे. सत्यवादी मनुष्य शोधण्याकरिता आरंभ खोटेपणाने करावयाचा, हे मला कधी पटले नाही.

कोणी म्हणेल, योसेफानेही तसेच केले नाही काय? केले. त्याने आपला रुप्याचा पेला बन्यामिनाच्या गोणीत लपविला आणि मागून चोरीचा आळ आणिला. ती परीक्षा कठोर होती, आणि ती करणाऱ्याचे मनही स्वस्थ नव्हते. परंतु तिचा शेवट पाहा. यहूदा पुढे होऊन भावाच्या ऐवजी स्वतः दास होण्यास तयार झाला, तेव्हा योसेफास आवरेना. त्याने परक्यांस बाहेर घालविले, मोठ्याने रडला, आणि मी योसेफ आहे असे सांगून टाकिले. ज्यांची परीक्षा केली त्यांच्यापुढे परीक्षकाने आपले तोंड उघडे केले. आजचा धनी कधी सांगतो काय की, तुझे ताट मी बिघडविले होते? नापास झालेला मुलगा घरी येतो, आई विचारते, काय झाले रे, आणि तो म्हणतो, उत्तरे तर सगळी आली होती. आपण कोठे चुकलो हे त्यास मरेपर्यंत कळत नाही.

आता दुसरा प्रश्न. अशा एका क्षणावरून मनुष्य कळतो काय? ह्या बाबतीत विद्वानांनी पुष्कळ कष्ट घेतले आहेत. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न व मार्क मे ह्या दोघांनी सुमारे अकरा हजार मुलांच्या प्रामाणिकपणाची तपासणी करून १९२८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांची गुप्तपणे नक्कल करून ठेवीत, मग त्या मुलांसच परत देऊन आपापले गुण मांडावयास सांगत, आणि कोणी उत्तर बदलले हे नकलेवरून पाहत. खेळांतही पारख केली, घरी करावयाच्या कामांतही केली. मुले चांगली व वाईट अशा दोन रांगांत उभी राहतील असे वाटत होते. ती राहिली नाहीत. जो मुलगा वर्गात लबाडी करी तो खेळात करीच असे नाही. जो येथे खरा तो तेथे डळमळे. एका ठिकाणच्या वागण्यावरून दुसऱ्या ठिकाणचे भाकीत फार थोडे करिता आले.

ह्याहून मनास लागणारी गोष्ट प्रिन्स्टन येथील ईश्वरविद्येच्या पाठशाळेतील आहे. जॉन डार्ली व डॅनिएल बॅटसन ह्यांनी १९७३ साली ती प्रसिद्ध केली. पाळकपणाचा अभ्यास करणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांस एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यावयास पाठविले. काहींच्या भाषणाचा विषय चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत हाच होता. वाटेत एका दारापाशी एक मनुष्य मान खाली घालून, खोकत, कण्हत पडलेला होता. त्यास मुद्दाम तेथे बसविले होते. ज्यांस घाई नव्हती अशांपैकी शेकडा ६३ जणांनी काही ना काही मदत केली; ज्यांस थोडी घाई होती त्यांपैकी शेकडा ४५ जणांनी; आणि तुम्हांस उशीर झाला आहे, लवकर जा, असे ज्यांस सांगितले होते त्यांपैकी शेकडा १० जणांनी. भाषणाचा विषय कोणता आहे ह्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलावयास निघालेले काही तर त्या कण्हणाऱ्यास ओलांडून गेले. हे वाचून हसू नका. पुढच्या गावी उपासना दहाची आहे, सायकल पंक्चर आहे, आणि रस्त्यावर कोणी म्हातारी हाक मारते आहे, अशा सकाळी आपण काय केले हे प्रत्येक उपदेशकास आठवत असेल.

म्हणजे हे विद्यार्थी दुष्ट होते काय? त्यांस दुष्ट म्हणावे असे मला वाटत नाही. घड्याळ त्यांच्या मानेवर बसले होते. आता ज्या मुलाची एसटी चुकली आहे, ज्याने पहाटेपासून काही खाल्ले नाही, ज्याच्या खिशात परतीचे भाडे मोजून ठेविलेले आहे, त्याच्या पुढे चुकीचे ताट आले आणि त्याचे तोंड उतरले, तर धन्याने काय पाहिले? मुलाचा स्वभाव, की त्याची भूक? ज्याचे पोट भरलेले आहे व ज्यास ही नोकरी गेली तरी दुसरी आहे, तो वाढप्याशी गोड बोलेलच. नम्रता दिसावी एवढी उसंत पुष्कळदा पैशाने विकत मिळते.

परीक्षकांचीही परीक्षा होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. वाढप्याशी जो उर्मटपणे वागतो तो चांगला मनुष्य नव्हे, ह्या नियमास अमेरिकेत प्रसिद्धी मिळाली ती रेथिऑन नावाच्या शस्त्रास्त्रांच्या कंपनीचे प्रमुख विल्यम स्वॉन्सन ह्यांच्यामुळे. त्यांनी व्यवस्थापनाच्या नियमांची लहानशी पुस्तिका काढिली होती. २००६ साली उघडकीस आले की, त्यांतील पुष्कळ नियम डब्ल्यू. जे. किंग ह्या इंजिनियराच्या १९४४ सालच्या पुस्तकातून जवळजवळ जसेच्या तसे घेतले आहेत. संचालकांनी त्या वर्षी त्यांचा पगार वाढविला नाही. नियम त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो हाती घेऊन दुसऱ्यास मोजावयास निघालेल्याने थोडे थांबावे.

आता कपाविषयी. परदेशी साहेबाने रिकामा पेला उचलण्यात नम्रता पाहिली. त्याच्या देशात तसे असेल. पण कप ही वस्तू आपल्या लोकांत इतकी साधी नाही. तुमच्यापैकी जे साठीच्या पुढे आहेत त्यांस सांगावयास नको. गावच्या हॉटेलात आपल्या वाडवडिलांसाठी कप वेगळा असे. तो आत नसे. बाहेर कुडाच्या फटीत, नाहीतर वळचणीस खोचलेला असे. तो आपणच काढावयाचा, चहा वरून ओतून घ्यावयाचा, उकिडवे बसून प्यावयाचा, आपणच विसळावयाचा, आणि पुन्हा तेथेच उपडा ठेवावयाचा. १९५० साली राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली, १९५५ साली कायदा झाला, तरी कित्येक गावी तो कप त्यानंतरही पुष्कळ वर्षे वळचणीस होता. ज्या मंडळ्यांत प्रभुभोजनाचा एकच पेला सर्वांच्या ओठांस लागे, तेथे त्या पेल्याचा अर्थ आपल्या आजोबांस कोणत्याही उपदेशाशिवाय कळला तो ह्याच कारणाने. अशा घरातील मुलगा परक्याच्या कचेरीत कप मेजावरच ठेवून उठतो, तर तो उद्धटपणा आहे, की आपण आता येथे पाहुणे आहोत ह्या विश्वासाने तो बसला होता? आणि जो धावत जाऊन कप विसळतो, तो नम्र आहे, की भ्यालेला आहे? कप पाहून हे कळत नाही.

हे मला आता सुचते आहे. तेव्हा सुचले नाही. काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका बोर्डिंगकरिता अधीक्षक निवडावयाचा होता, आणि निवडणाऱ्या कमिटीत मी होतो. आमच्यापैकी एकाने ही ऑस्ट्रेलियाची गोष्ट वर्तमानपत्रात वाचिली होती. त्याने ती सांगितली आणि आपणही करून पाहू म्हणाला. कोणी हरकत घेतली नाही; मी तर मान डोलाविली. तीन उमेदवार होते. तिघांस चहा दिला. एकाने कपबशी ट्रेमध्ये सरकविली. दुसऱ्याने होती तेथेच ठेविली. तिसरा आपली कपबशी घेऊन बाहेर नळावर गेला, ती धुतली आणि कट्ट्यावर उपडी ठेविली. तो गेल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. सेवकाचे मन आहे, असे कोणी म्हणाले. दुसरा उमेदवार शिक्षणाने सर्वांत पुढे होता व मुलांविषयी तो चांगले बोलला होता. त्यास आम्ही वगळिले. कागदावर कारण दुसरे लिहिले.

चहा करणारी बाई आमची जुनी बायबलबाई होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, "पाळकसाहेब, त्या लेकरानं कप बाकीच्या कपांत नाही ठेवला. लांब ठेवला, उपडा. माझा बाप हॉटेलात तसाच ठेवायचा." पुढे तो तरुण कामावर आल्यावर मी त्यास सहज विचारिले. तो म्हणाला, "आजोबांनी शिकवलंय साहेब. जिथं चहा प्यायचा तिथं कप विसळून बाजूला ठेवायचा, म्हणजे कोणी काही बोलत नाही." काम तो बरे करितो. मुलांस दरडावितो थोडा, पण हिशेब चोख असतो. कपाचा आणि त्या कामाचा काही संबंध मला अद्याप दिसलेला नाही.

पौलाने तीमथ्यास मंडळीचे सेवक निवडण्याविषयी लिहिले तेव्हा पारख करू नको असे म्हटले नाही; आधी त्यांची पारख व्हावी असेच म्हटले. पण ती पारख उघड आहे. मनुष्य घर कसे चालवितो, दारू पितो काय, पैशाचा लोभी आहे काय, बाहेरच्या लोकांत त्याचे नाव कसे आहे, हे दिवसांनी व वर्षांनी कळणारे आहे, आणि ज्याची पारख होते त्यासही ती ठाऊक आहे. झॅपोसच्या गाडीवाल्याची साक्ष मला ह्याच कारणाने इतरांहून बरी वाटते. तेथे खोटे काही रचलेले नव्हते. ज्यास कोणी विचारीत नाही अशा मनुष्यास विचारिले एवढेच. तरी तीही एका दिवसाचीच. आपल्या मंडळ्यांत तर कोणासही चार गावांत ओळखणारे लोक असतात. आम्ही त्या तिघांच्या गावी जाऊन एक शब्दही विचारिला नव्हता. कप धुतल्याने आमचा तेवढा प्रवास वाचला.

ह्या वर्षी जानेवारीत त्या दुसऱ्या तरुणाच्या गावी एका लग्नास जाणे झाले. तो आता तालुक्याच्या पतसंस्थेत आहे. मी त्याच्या घरी गेलो आणि जे झाले ते सांगितले. त्यास कप आठवतही नव्हता. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे मला घेतलं नाही ते कपामुळं?" मी म्हणालो, होय, पुष्कळ अंशी. तो उठून बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने परत येऊन बसला. तोवर त्याच्या आईने चहा आणिला होता. चहा झाल्यावर मी कपबशी घेऊन मोरीकडे जावयास उठलो, तो तिने ती माझ्या हातातून घेतली. "ठेवा पाळकसाहेब," ती म्हणाली, "आमच्या घरात पाहुण्यानं कप उचलायचा नसतो. ह्याच्या बापानं घातलेला नेम आहे तो."